सा. ना.

शिरोलीच्या एमआयडीसीत, फौंड्रीच्या मागच्या खोलीत
सात खोकी उतरली.
जर्मनीतला कुठलासा कारखाना बंद पडला होता.
त्याचा तराजू, त्याच्या मुशी, वाळूच्या चाळण्या
आणि पेन्सिलीनं लिहिलेल्या एकोणीस वह्या
मगदूमशेटनी वजनावर घेतल्या.

"बाई, भिंतीवर लावायला तक्ता पाहिजे. मराठीत.
शब्दाला तीन रुपये."
वह्यांत शब्द नव्हतेच.
नुसती अक्षरं, प्रत्येकापुढं टिंब,
बोलता बोलता कुणी ओठ मिटावेत तशी.

मी म्हटलं, हे तर आपलंच आहे.
मु. पो. शिरोली, ता. हातकणंगले.
चि., कै.
आणि सा. न. वि. वि.,
चार अक्षरांत अख्खा माणूस कमरेतून वाकवणारी भाषा,
ती काय जर्मनाला हार जाणार?

एर. टे. म्हणजे खोलीचं तापमान.
कुणाच्या खोलीचं?
त्यांची वीस अंशांची, खिडकीला दुहेरी काच.
इथं एप्रिल, वर पत्रा, भिंतीपलीकडं भट्टी.
लिहिलं : खो. ता.
आणि खाली बारीक अक्षरात : त्यांच्या.

एस. ओ. म्हणजे वर पाहा.
दस्तगीर मुजावरनं वाचलं आणि खरंच वर पाहिलं.
पत्र्याच्या भोकातून उन्हाची काठी उतरली होती,
तिच्यात धूळ फिरत होती, अगदी सावकाश.
"काय हाय वर, बाई?"
वरच्या ओळीत बघा म्हणायचंय, मी म्हटलं.
तो तरी बघतच राहिला.

एन. एन.पाशी आठवडा गेला.
शिसं : एन. एन.
कॅडमियम : एन. एन.
पानामागून पान.
मी "नाही" लिहून टाकलं. तीन रुपये.
शाकंबरी हेरवाडे, इथली केमिस्ट, माझ्या निम्म्या वयाची,
तिनं पेन काढून घेतलं हातातलं.
"नाही असं कसं म्हणता?
आमच्या यंत्राला दिसलं नाही, एवढंच.
त्याच्या नजरेला उंबरा असतो.
उंबऱ्याखालून सरपटत गेलं ते त्याला कळत नाही."

मग आढळले नाही. आ. ना.
दस्तगीरनं मोठ्यानं वाचलं,
"शिसं, आ ना. कॅडमियम, आ ना.
इखाला आवतण धाडताय व्हय?"
खोडलं.

मग सापडले नाही. सा. ना.
लिहिलं आणि हात थांबला.
साना.
थोर म्हटलं की पाठोपाठ येतो तो सान.
इतकं लहान, की असेलही, पण चिमटीत येत नाही.
जर्मन टिंबांना जे सुचलं नव्हतं
ते मराठीनं आधीच पदराला बांधून ठेवलेलं.
या एका शब्दाचे मी सहा रुपये लावले.

राहिलं एन. बे. तपासलेच नाही. त. ना.
शेट म्हणाले, "दोन्ही एकच की.
सगळीकडं सा. ना. घाला, तक्ता बरा दिसतोय."
मी म्हटलं, हरवलेलं पोर रात्रभर शोधून
रिकाम्या हातानं परतलेला माणूस
आणि अंथरुणातून उठलाच नाही तो,
दोघांना एकच म्हणता का तुम्ही?
शेटनी चहा मागवला.

तक्ता लागला. त. ना. लाल शाईत.
आपल्या रजिस्टरात एक रकाना आहे,
"हवेतली बारीक वाळू",
चार वर्षं तिथं एक आडवी रेघ.
दस्तगीर चाळण हलवतो, थांबतो, खोकतो,
रेघेवर बोट ठेवून विचारतो,
"हितं काय लिवायचं, बाई? साना का तना?"

शाकंबरी काही बोलली नाही.
सातवं खोकं अजून फोडलेलं नव्हतं.
यादीप्रमाणे त्यात
हवा ओढायचा पंप होता.
ती पक्कड शोधू लागली.